ओठांच्या अलीकडे

भूपाल मगदूमांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. हळदीचा हंगाम संपेपर्यंत थांबता येईल का? डॉक्टर नाही म्हणाले. गाठ वाढत होती. फेब्रुवारीत, हंगामाच्या तोंडावरच शस्त्रक्रिया झाली आणि सांगलीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं सौदे पुकारणारा आवाज बंद झाला.

हे दोन हजार छत्तीस सालचं. तोवर बाकीच्या बाजारांतले सौदे पडद्यावर गेले होते; हळदीचे मात्र अजून तोंडानं होत. यार्डात भूपालरावांना सगळे अण्णा म्हणत. त्यांना मान होता तो आवाज मोठा होता म्हणून नव्हे. त्या आवाजानं कधी कुणाचा पाणउतारा केला नाही म्हणून. माल ओला निघाला तर अण्णा म्हणायचे, "जरा ऊन कमी पडलंय, बाकी रंग बघा." खरेदीदार मुद्दाम भाव पाडायला लागला तर म्हणायचे, "शेठ आज विचारात दिसतात." घरातही तीच तऱ्हा. बायको सुरेखा असो की मुलगी शलाका, अण्णांकडून वाकडा शब्द ऐकल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

शलाका ही त्यांची एकुलती एक. वय सदतीस, लग्न झालेलं नाही. दहा वर्षांपूर्वी जयसिंगपूरच्या एका घरात तिचं ठरलं होतं. साखरपुडा झाला, आणि मग तिकडून अचानक नकार आला. लहानपणी नऊ वर्षांची होईपर्यंत तिला फिट्स यायच्या, ते कुणीतरी त्या लोकांच्या कानावर घातलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. सांगणारी शोभाआत्याच, असं तिनं तेव्हाच धरून टाकलं, कारण घरच्या तिघांखेरीज ही गोष्ट अण्णांच्या या बहिणीलाच माहीत होती. आत्या शपथा घेऊन रडली. शलाकानं तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. दोन वर्षांपूर्वी आत्या वारली, तेव्हा ती मातीलाही गेली नाही.

मिरजेला वैद्यकीय उपकरणं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. तिच्या हाताखालून जाणारी चिप जरा निराळी होती. साध्या चिपमधले विजेचे रस्ते कारखान्यातच कायमचे आखले जातात. हिच्यात लाखभर बारीक चौकटी असत, आणि कुठली चौकट कुठल्या चौकटीला जोडायची हे संगणकावरून एक फाइल पाठवून ठरवता येई. सकाळी ती चिप कॅमेऱ्याचं काम करील. फाइल बदलली की दुपारी मोटार चालवील. जोडण्यांचा हा नकाशा चिपमध्ये विजेच्या जोरावरच टिकतो. वीज तुटली की पाटी कोरी. असली चिप एका हिरव्या बोर्डावर बसवलेली येते, भोवती तारा जोडायच्या पिना, बटणं, दिवे. शलाकाच्या टेबलावर असे चार-पाच बोर्ड कायम पडलेले असत. त्यांतला एक तिनं अण्णांसाठी बाजूला काढला.

स्वरयंत्र गेलं तरी मानेचे आणि जबड्याखालचे स्नायू शाबूत होते. बोलायचं मनात आणलं की त्यांच्यात हलके विजेचे झटके उठतात. ते झटके गळ्याला बांधलेल्या पट्ट्यानं टिपायचे आणि छोट्या पेटीत बसवलेल्या चिपनं त्यांचा आवाज करायचा, एवढंच काम. पण कुठला झटका म्हणजे कुठलं अक्षर, याचं गणित कुणालाच मांडता येत नव्हतं. म्हणून शलाकानं गणित मांडलंच नाही. तिनं चिपला शंभर आडवेतिडवे नकाशे दिले. अण्णांनी मनात एक शब्द म्हणायचा. पेटीतून जो आवाज येईल तो जवळपास असला तर हिरवं बटण दाबायचं, नाहीतर लाल. चांगले नकाशे ठेवायचे, वाईट टाकायचे, आणि चांगल्यांचीच सरमिसळ करून नवे शंभर तयार करायचे. शेतकरी बियाणं निवडतो तसंच हे.

अण्णा रोज सकाळी दोन तास बसत. पहिले काही महिने पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा नुसता खरखराट येत होता. पाचव्या महिन्यात एक स्वर लागला. सातव्या महिन्यात पेटी स्पष्ट म्हणाली, "चहा." सुरेखा आतून धावत आली आणि कप हातात घेऊन नुसतीच उभी राहिली.

मग शब्द येत गेले, पण उशिरा. अण्णांनी म्हटलं की अर्ध्या-पाऊण सेकंदानं पेटी बोलायची, आणि सौद्यात तेवढ्या वेळात ढीग दुसऱ्याच्या नावावर होतो. अण्णा वैतागायचे. म्हणून शलाकानं निवडीच्या नियमात एक ओळ वाढवली. जो नकाशा लवकर बोलेल, त्याला जादा गुण. चौदाव्या महिन्यात अण्णा कमरेला पेटी आणि गळ्याला पट्टा लावून यार्डात गेले आणि त्यांनी राजापुरी हळदीचे सतरा ढीग एका दमात पुकारले. आवाज अगदी त्यांचा नव्हता, थोडा पातळ होता. पण लय त्यांचीच होती. हमालांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी घरी माणसं भेटायला आली, पेढे वाटले गेले, आणि शलाकाला वाटलं, आपल्या हातून जन्मात एक तरी काम झालं.

प्रयोगशाळेचे प्रमुख नाईकनवरे सर खूश होते, पण अस्वस्थही होते. अण्णांच्या चिपमधला नकाशा त्यांनी त्याच बनावटीच्या दुसऱ्या चिपवर चढवून पाहिला, तर त्यातून नुसती घरघर आली. त्या नकाशात काही चौकटी कशालाच जोडलेल्या नव्हत्या, तरी त्या काढल्या की आवाज बंद पडायचा. प्रत्येक चिप घडताना तिच्यात केसाएवढे बारीक दोष राहून जातात; नकाशानं ते दोषच कामाला लावले होते. शिवाय गेल्या कित्येक महिन्यांत त्या चिपची वीज एकदाही तुटली नव्हती. एक बॅटरी बदलताना दुसरी चालू असायची. आत फिरत राहिलेली स्पंदनंही त्या आवाजाचा भाग झाली होती, आणि ती कुठल्याही फाइलमध्ये उतरत नव्हती. नाईकनवरे म्हणाले की हे आपण बनवलेलं नाही, हे वाढलेलं आहे, तेव्हा याला हात लावताना विचार करावा लागेल.

पहिली ठेच यार्डातच लागली. शिराळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा ढीग होता. अण्णा नेहमीसारखं ऊन कमी पडल्याचं सांगणार होते. पेटी म्हणाली, "ओला माल. लबाड आहे हा." अण्णांनी दचकून पेटीकडे पाहिलं. लोक हसले, शेतकरीही ओशाळं हसला. पुढच्या आठवड्यात ती एका मोठ्या खरेदीदाराला तोंडावर चोर म्हणाली, तेव्हा कुणी हसलं नाही. ज्यांच्या अडत दुकानासाठी अण्णा पुकारायचे त्या शेठनी त्यांना बाजूला घेतलं आणि थोडे दिवस घरी आराम करा म्हणून सांगितलं.

घरी आलेल्या अण्णांनी पट्टा काढला आणि वहीत लिहिलं, "मी हे बोललो नाही."

शलाकानं पेटीतल्या नोंदी प्रयोगशाळेत नेऊन तपासल्या. आवाज निघाला त्या क्षणी अण्णांचा जबडा हललेलाच नव्हता. पेटी त्यांच्या बोलण्याच्या चार दशांश सेकंद आधी बोलली होती. मग तिच्या लक्षात आलं. माणूस एखादा शब्द गिळतो, तेव्हाही तो आधी गळ्यापर्यंत आलेला असतो. स्नायूंना त्याची खबर लागते, बारीकशी हालचाल होते, आणि मग मन म्हणतं, नको, हे नको, दुसरं बोल. लवकर बोलेल त्याला जादा गुण, हा नियम तिनंच घातला होता. नकाशे लवकर, आणखी लवकर पकडत गेले आणि शेवटी त्या 'नको'च्याही अलीकडे पोचले.

हे तिनं सांगितलं तेव्हा नाईकनवऱ्यांनी नोंदी पुन्हा एकदा चाळल्या. मग शांतपणे म्हणाले की अर्जुनानं पोपटाचा डोळा साधला आणि मागे अख्खं झाड सापडलं, तसं हे झालंय. माणूस बोलायच्या आधीचं बोलणं आजवर कुणाला ऐकता आलेलं नाही. पोलीस, न्यायालयं, नोकरी देणारे, सगळ्यांना हे हवं असेल. शलाकानं विचारलं की गिळलेले शब्द तेवढे गाळता येतील का. त्यांनी मान हलवली. कुठली जोडणी काय करते हे ठाऊक असतं तर गाळता आलं असतं. आता ठेवायचं तर सगळं, पुसायचं तर सगळं. आणि पुसायचा विचारही तिनं करू नये, असं त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांना हे समजावून सांगायला बसली. तपासणीसाठी पट्टा त्यांच्या गळ्यात बांधलेला होता, पेटी चालू होती. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. शलाकानं बोलायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. दहा वर्षं मनात ठेवलेला प्रश्न आपण विचारणार आहोत हे तिला एका क्षणापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. ते कितपत खरं होतं कोण जाणे.

"अण्णा, जयसिंगपूरच्या लोकांना माझ्या फिट्सचं कुणी सांगितलं?"

अण्णांचा हात पट्ट्याकडे गेला. तो पोचायच्या आत पेटी म्हणाली, "मी."

मग त्यांचे ओठ हलायला लागले. तुझ्या भल्यासाठी, असं काहीतरी ते जुळवत होते. पुढे कळून आणखी वाईट झालं असतं, असं काहीतरी. पण त्याच्या अलीकडचं वाक्य बाहेर पडून गेलं होतं.

"तू गेली असतीस तर मी हिच्याजवळ एकटा राहिलो असतो."

शलाकानं मागे वळून पाहिलं. आई दारात उभी होती. हातात मेथीची जुडी तशीच होती.

अण्णांनी पट्टा ओढून काढला. आई आत गेली. तिनं भाजी फोडणीला टाकली, भाकऱ्या केल्या, दोघांना वाढलं. नंतर तिनं बॅग भरली. शिरोळला भावाकडे जाते म्हणाली. शलाका रडत तिच्या मागे मागे फिरत होती, अण्णांच्या वतीनं काहीबाही बोलत होती. पेटी चुकते, चिप बिघडली आहे, असंही तिनं सांगून पाहिलं. आईनं साडीची घडी मोडून पुन्हा घातली.

"मला ठाऊक नव्हतं असं वाटतंय काय तुला?" ती म्हणाली. "पहिल्या वर्षातच कळलं होतं. मी त्यांना नको होते. पण पंचेचाळीस वर्षं त्यांनी ते तोंडात ठेवलं. मला कधी जाणवू दिलं नाही. तेवढ्यावर मी संसार केला, शलू. सुखानं केला. ते तू आज काढून घेतलंस."

"मी तुझ्याबद्दल नव्हतं विचारलं, आई."

"तुला जे विचारायचं होतं ते शोभाताईला विचारायचं होतंस. ती जिवंत होती तेव्हा."

जाताना तिनं एवढंच सांगितलं की त्या पेटीसमोर ती येणार नाही.

शलाकाला वाटलं होतं, अण्णा आता स्वतःच पेटी पुसून टाक म्हणतील. पहिल्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलंही, "तेवढंच बंद कर." तेवढंच बंद होत नाही हे तिनं समजावलं, तेव्हा ते तीन दिवस विचार करत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी पट्टा बांधला.

आणि मग एक विपरीत गोष्ट घडली. अण्णांना ते आवडायला लागलं.

ते गॅलरीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या माणसांवर पेटी बोलायची. हा हरामखोर. ही भोचक. हा मेला तर बरं होईल. सुरुवातीला ते दचकत, मग दचकेनासे झाले. शेजारचे जोशी चौकशीला आले, त्यांना पेटीनं सांगितलं की तुम्ही बसलात की तुमच्या अंगाचा वास येतो. जोशी उठून गेले. अण्णा हसले. स्वरयंत्र नसलेल्या माणसाचं हसणं, नुसता खांद्यांचा थरथराट आणि श्वासासाठी गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून फुसफुसणारी हवा. शलाकानं त्यांना विचारलं, हे तुम्हाला बरं वाटतं?

"एकतीस वर्षं गोड बोललो," पेटी म्हणाली. "घरात त्याहून जास्त. माझं तोंड विटलं होतं. आता मोकळं वाटतंय."

ओठही तेच म्हणत होते, थोडे मागून.

आईचं काय, तिनं विचारलं. पेटी म्हणाली, "येऊ नये तिनं." या वेळी ओठ हललेच नाहीत.

महिनाभर असं चाललं. घरी कुणी येईनासं झालं. नाईकनवरे दर आठवड्याला नोंदी नेत होते आणि शलाकाच्या नावाआधी दुसरं कुणाचंही नाव न घालता शोधनिबंध लिहीत होते. आई फोनवर आवाज चढवत नव्हती, तक्रार करत नव्हती. तिकडं भावजयीच्या हाताखाली आपण भांडी आवरतो एवढं मात्र सांगायची. तिचं वय त्रेसष्ट होतं.

एका दुपारी अण्णा जेवून आडवे झाले होते. पट्टा काढून ठेवला होता, पेटी उशाशी होती. बॅटरी बदलायची वेळ झाली होती आणि ते काम शलाकाचंच होतं. तिनं पेटी उचलून आपल्या खोलीत आणली, झाकण उघडलं, आणि बोर्डाला लॅपटॉपची केबल जोडली. तिच्याकडे एक साधी फाइल तयार होती. अण्णांच्या नोंदींवरून तिनंच मागे केली होती. समजणारी, मोजलेली, ठरावीक दोनशे शब्दांची. माणसानं नीट जबडा हलवून शब्द उच्चारला तरच बोलणारी. ती चढवायला आठ सेकंद लागणार होते, आणि त्या आठ सेकंदांत सोळा महिने वाढलेलं ते सगळं जाणार होतं.

हे आपण आईसाठी करतोय, असं तिनं मनाशी म्हटलं. मग जयसिंगपूरचा तो मुलगा आठवला, आत्या आठवली, दारात उभी राहून शपथा घेणारी. तिच्या स्वतःच्या गळ्याला त्या वेळी पट्टा असता, तर आईचं नाव आधी आलं असतं की दुसरंच काही, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं बटण दाबलं. बोर्डावरचा एक दिवा विझला आणि पुन्हा लागला.

चार वाजता अण्णा उठले. पट्टा बांधून त्यांनी चहा मागितला. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा जबडा हलवला. दोन सेकंदांनी पेटी म्हणाली, "चहा." रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या बाईसारखा सपाट, स्वच्छ आवाज. अण्णांनी पेटीकडे पाहिलं, मग शलाकाकडे. बॅटरीची पिन सैल झाली होती, वीज तुटली, असं ती म्हणाली. आपला आवाज तिला खूपच सहज वाटला.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला बघवेना. ते रागावले नाहीत. यार्डातला पत्रा वाऱ्यानं उडावा आणि खाली उभ्या माणसानं नुसतं वर बघत राहावं, तसे ते बसून राहिले. तिला इतकं भरून आलं की ती धावत खोलीत गेली आणि जपून ठेवलेली जुनी फाइल त्याच चिपवर तिनं परत चढवली. एकदा, दोनदा, सात वेळा. दर वेळी घरघर. रस्ते तेच होते. त्यांवरून फिरणारं जे होतं ते उरलं नव्हतं.

अण्णांनी ती साधी पेटी घेऊन एकदा यार्ड गाठलं. दोन सेकंद कुणी थांबत नाही. ते परत आले, पेटी कपाटात ठेवली आणि त्यानंतर वहीतच लिहू लागले.

शलाकानं आईला फोन करून पेटी बंद पडल्याचं कळवलं. दोन दिवसांनी आई आली. कशी बंद पडली ते तिनं विचारलं नाही. अण्णांच्या ताटात तिनं पूर्वीसारखीच आधी भाजी वाढली. दोघं एकमेकांकडे न बघता जेवली. संध्याकाळी टीव्हीसमोर ती एका टोकाला आणि ते दुसऱ्या टोकाला, अशी बसली. आता त्यांच्या तोंडातून काहीच येणार नव्हतं, गोड नाही आणि कडूही नाही. पण आईला आता न बोललेलंही ऐकू येत असणार, असं शलाकाला तिच्याकडे बघताना वाटायचं.

नाईकनवऱ्यांना तिनं पिनेचीच गोष्ट सांगितली. ते फार चिडले नाहीत. चिप गेली तरी नियम हातात होता. लवकर बोलेल त्याला जादा गुण, या एका ओळीवर त्यांनी पुढच्या वर्षभरात वीस माणसांच्या गळ्यांवर वीस चिप वाढवल्या, आणि मग कुणाच्याही गळ्याला चालतील अशाही. निबंध छापून आला. पहिलं नाव शलाका मगदूम. वर्तमानपत्रांनी तिचा फोटो छापला. मग बातम्या यायला लागल्या. कुठं चौकशीत पट्टा, कुठं मुलाखतीत पट्टा. पुण्याच्या एका कुटुंबानं सोयरीक ठरवताना मुलीच्या गळ्यात पट्टा बांधल्याचं तिनं वाचलं, तेव्हा तिनं ते वर्तमानपत्र घडी करून गादीखाली सारलं. प्रयोगशाळेनंही कर्मचाऱ्यांची वार्षिक बैठक यापुढे पट्टा लावून होईल असं पत्रक काढलं, त्या दिवशी तिनं राजीनामा दिला. वडिलांची सेवा करायला सोडते, असं सगळ्यांनी मानलं आणि तिनं मानू दिलं.

राजीनाम्याचं तिनं घरी सांगितलं तेव्हा आई शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. अण्णांनी ऐकून घेतलं. मग वही ओढली आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, "ते आपोआप गेलं, की तू घालवलंस?"

तिनं ते दोनदा वाचलं.

"आपोआप गेलं, अण्णा. पिन सैल झाली होती."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. खरेदीदाराच्या पापणीवरून त्याचा शेवटचा भाव ओळखणारा माणूस. तिनं नजर हलवली नाही. ते तिला कसं जमलं कोण जाणे. थोड्या वेळानं त्यांनी मान हलवली, वही पुन्हा पुढ्यात घेतली आणि प्रश्नाखाली आणखी एक ओळ लिहिली.

"हिनं विचारलं तर हिलाही हेच सांग."

मग त्यांनी ते पान फाडलं, बारीक घडी केली, आणि आई बाहेर यायच्या आत शलाकाच्या मुठीत दिलं.